वाचकांच्या शंका : इच्छा माणसाची, निवाडा देवाचा

पाप, न्याय आणि मरणोत्तर जीवन याविषयी ख्रिस्ती धर्म काय सांगतो, यावर मागच्या अंकात आम्ही शंका मागवल्या होत्या. विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत; लेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. एक सूचना आधीच. ‘ख्रिस्ती लोक काय मानतात?’ असं विचारण्यापूर्वी ‘कुठल्या मंडळीतले?’ हे विचारावं लागतं. जिथे मतं फुटतात तिथे आम्ही तसं सांगितलं आहे.

देवाले सारं आधीच ठाऊक असन तं म्या उद्या कोणतं पाप करीन हेबी ठाऊक असन. मंग त्याची शिक्षा मले काहून? वावरात काय पेराचं हे म्या ठरवतो का त्यानं आधीच ठरवून ठेवलं?
— एक कास्तकार, ता. दारव्हा

भाऊ, देवाला ठाऊक असणं वेगळं आणि देवाने ठरवणं वेगळं. पहिल्याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियस या रोमन विचारवंताने ते मांडलं. देव काळाच्या आत बसून पुढचं भाकीत करत नाही. काल, आज आणि उद्या त्याच्यापुढे एकदमच उघडे असतात. गावच्या पाण्याच्या टाकीवर चढलेल्या माणसाला फाट्यावर वळणारी एसटी आणि गावातून निघालेली बैलगाडी एकाच वेळी दिसतात, पण त्याने पाहिलं म्हणून गाडीवान वळत नाही.

पण हा दाखला इथवरच चालतो. टाकीवरच्या माणसाने रस्ता बांधलेला नसतो की बैल घडवलेले नसतात. देवाने तर सगळंच घडवलं. म्हणून खरी अडचण ज्ञानाची नसून कृपेची, म्हणजे देवाने आपणहून दिलेल्या मदतीची आहे, आणि तिच्यावरून सोळाशे वर्षं वाद चालू आहे. पाचव्या शतकात पेलाजियस नावाचा उपदेशक म्हणाला की माणूस स्वतःच्या बळावर पाप टाळू शकतो, नाहीतर आज्ञा देण्यात अर्थ काय? बिशप ऑगस्टीनचं (३५४–४३०) उत्तर असं की आदामाच्या पतनानंतर इच्छा उरली, पण ती वाकडी झाली. देवाने आधी हात दिल्याशिवाय ती त्याच्याकडे वळत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचं मत नाकारलं. ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने कृपा आधी येते हे मान्य केलं, पण देव कुणाला वाईटासाठी नेमून ठेवतो हे म्हणणं साफ धुडकावलं. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट मंडळ्या कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झाल्या, त्या सुधारणाकाळात वाद पुन्हा पेटला. इच्छा स्वतंत्र आहे असं कॅथलिक विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये लिहिलं, ती बांधलेली आहे असं प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२५ मध्ये ठणकावलं. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिकांची भूमिका पक्की केली : इच्छा दुबळी झाली, मेली नाही, कृपेला ती होकार देऊ शकते आणि नकारही. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन, त्याच्या परंपरेत कोण तरणार ही निवड देवाची आणि ती बिनशर्त. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये याला हरकत घेतली; डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) ती फेटाळली, पण पुढे वेस्लीच्या मेथडिस्टांनी तीच उचलली.

याचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. नागपुरात स्टीफन हिस्लॉपचं मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या, १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राला मानणारं. त्यात लिहिलं आहे की घडणारं सगळं देवाने ठरवलेलं आहे, तरी तो पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर तो जबरदस्ती करत नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा हिस्लॉपच्या प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक आणि मेथडिस्ट एकाच छपराखाली आले. त्यामुळे एकाच मंडळीत एक पाळक ‘देवाने निवडलं’ म्हणतो आणि दुसरा ‘तुम्ही निवडा’ म्हणतो, यात नवल नाही. दोघांनाही बायबलमध्ये आधार सापडतो : एकाला रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायात, दुसऱ्याला अनुवाद ३०:१९ मध्ये, जिथे जीवन आणि मरण पुढे ठेवून ‘जीवन निवड’ असं सांगितलं आहे.

मिसरचा राजा फारो याचं मन देवानेच कठीण केलं, मग त्याचा काय दोष, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारता. निर्गमाचे ७ ते ९ हे अध्याय सावकाश वाचा. देव तसं करील ही सूचना आधीपासून आहे. पण प्रत्यक्ष घटनांत, देवाने मिसरवर पाठवलेल्या सुरुवातीच्या पीडांच्या वेळी फारोचं मन कठीण झालं किंवा त्याने ते केलं असं म्हटलं आहे. परमेश्वराने केलं असं पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेला, आणि सातव्यानंतर पुन्हा दोष फारोवरच ठेवला आहे. बहुतेक भाष्यकार यातून असं काढतात की देवाने त्याला त्याच्याच हट्टाच्या हवाली केलं. कॅल्व्हिनवादी इतक्यावर थांबत नाहीत, ते देवाच्या निर्णयाला पहिलं ठेवतात.

राहिली पेरणी. सोयाबीन की तूर, हा प्रश्न या वादात येतच नाही. १५३० च्या ल्यूथरपंथी आउग्सबुर्ग विश्वासपत्राचं १८वं कलमसुद्धा मान्य करतं की रोजच्या व्यवहारात माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे. वाद फक्त देवाकडे वळण्याच्या ताकदीचा. तेव्हा बोगस बियाणं विकणाऱ्या दुकानदाराला ‘देवाची मर्जी’ म्हणून सुटता येत नाही. याकोबाच्या पत्रात (१:१३) स्पष्ट आहे की देव कुणाला मोहात पाडत नाही.

आमच्याकडे कर्माचं फळ म्हणतात, तुमच्याकडे न्याय. फरक काय? आणि मेल्यावर आधी काय, मग काय, हे क्रमाने सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक, ता. मोर्शी

कर्माच्या हिशोबात फळ कर्मातूनच पिकतं आणि हिशोब अनेक जन्म चालू राहतो. ख्रिस्ती शिकवणीत जन्म एक, मरण एक आणि त्यानंतर न्याय (इब्री ९:२७). न्याय करणारा कुणीतरी आहे, म्हणून क्षमेला जागा आहे. आणि पुढचा जन्म नाही, म्हणून या एका आयुष्याचं वजन फार मोठं आहे. बापाचं पाप मुलाच्या खात्यावर चढत नाही, हे यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात खुलासेवार आलं आहे. या जन्मातलं संकट म्हणजे निकाल नव्हे, हेही येशूने दोनदा सांगितलं : शिलोहचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते (लूक १३), आणि जन्मांध माणसाच्या अंधत्वाला त्याचं किंवा आईबापांचं पाप कारण नव्हतं (योहान ९). घरात अपंग मूल जन्मलं की ‘कुणाचं तरी पाप’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती शेजारणीला हे दोन उतारे जरूर वाचून दाखवावेत.

आता क्रम. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मरणाच्या क्षणी आत्मा शरीरापासून वेगळा होतो आणि लगेच त्याचा व्यक्तिगत न्याय होतो. पोप बेनेडिक्ट बाराव्यांनी १३३६ मध्ये हे अधिकृतपणे सांगितलं. निकाल तीनपैकी एक : थेट स्वर्ग, शुद्धिस्थानातून स्वर्ग, किंवा नरक. शुद्धिस्थानाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की ते काठावर पास झालेल्यांना पुन्हा परीक्षेला बसवण्याचं ठिकाण आहे. तसं नाही. तिथला प्रत्येक जण तारलेलाच असतो, फक्त अजून स्वच्छ व्हायचा असतो. युगाच्या शेवटी ख्रिस्त परत येतो, सर्वांची शरीरं उठतात आणि अंतिम न्याय होतो. आधीचा निकाल तेव्हा बदलत नाही. प्रत्येकाच्या कृत्याचे परिणाम जगभर कुठवर पोचले ते उघड होतं. त्यानंतर शुद्धिस्थान उरत नाही. मत्तय २५ मध्ये त्या दिवशी ज्यांचा हिशोब होईल ती सहा कामं मोजली आहेत : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट.

प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत. विश्वासी माणूस मरताच ख्रिस्ताजवळ जातो, शरीर मात्र पुनरुत्थानाची वाट पाहतं. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांचं गणित वेगळं : मेलेला पुनरुत्थानापर्यंत काहीच जाणत नाही, आणि दुष्टांना शेवटी सर्वकाळ जाळत ठेवलं जात नाही, ते नष्ट होतात.

माझ्या दिराने मागच्या वर्षी कर्जापायी जीव दिला. सासरकडचे एक जण म्हणतात, पश्चात्तापाला वेळच मिळाला नाही, म्हणजे तो सरळ नरकात गेला. सासूबाई तेव्हापासून जेवत नाहीत नीट. खरं काय?
— एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

ताई, तुमच्या नातेवाइकांनी जे सांगितलं ते सांगायचा अधिकार त्यांना नाही. तो कुठल्याही फादरला किंवा पाळकालाही नाही.

जीव देणं ही गंभीर बाब आहे असं सर्व मंडळ्या मानतात. ‘खून करू नको’ या आज्ञेत ऑगस्टीनने स्वतःचा जीव घेणंही धरलं. पण बाब गंभीर असणं आणि माणूस दोषी असणं यात अंतर आहे. कॅथलिक शिकवणीत मरणप्राय, म्हणजे नरकाला नेणाऱ्या पापाला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि मोकळ्या मनाने दिलेली संमती हवी. तिन्हीपैकी एक जरी नसली तरी ते पाप तसं ठरत नाही. नैराश्य, मोठी भीती, सततची मानहानी यांनी तिसरी गोष्ट कमकुवत होते किंवा उरतच नाही. कॅथलिक धर्मशिक्षण या बाबतीत शब्दांची काटकसर करत नाही : मनाचा गंभीर आजार, यातना, संकटाचं भय यांमुळे जबाबदारी कमी होते, अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये, पश्चात्तापाची संधी देवाला अशा वाटांनी देता येते ज्या फक्त त्यालाच ठाऊक आहेत. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

जुन्या माणसांच्या मनात जे बसलं आहे त्यालाही कारण आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चची अंत्यविधी-सेवा नाकारली होती. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली. जुना नियम डोक्यात राहिला, नवा पोचला नाही, आणि मधल्या चाळीस वर्षांत किती घरांना त्याचा चटका बसला असेल कोण जाणे. प्रोटेस्टंट शिकवणीतही तारण शेवटच्या कृत्यावर टांगलेलं नसतं. शेवटचं प्रत्येक पाप कबूल केल्यावरच माणूस वाचतो असं धरलं, तर झोपेत मेलेला एकही जण वाचणार नाही.

करता येण्यासारखं असं : कॅथलिक असाल तर दिराच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, सांगा, आणि फादरांना घरी बोलावून हे सगळं सासूबाईंसमोर बोलायला लावा, नातेवाइकांचं बोलणं तिऱ्हाइताने खोडलेलं बरं. प्रोटेस्टंट असाल तर पाळकांना घरच्या प्रार्थनेला बोलवा. कुणी अंत्यविधी किंवा कबरीची जागा नाकारली, तर स्थानिक समितीशी भांडत न बसता बिशपांच्या कार्यालयाला लेखी कळवा. आणि सासूबाईंचं जेवण-झोप सुटली आहे ती धर्माच्या उत्तराने परत येईलच असं नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. तुमच्या घरात आणखी कुणाच्या मनात तसले विचार येत असतील तर आजच फोन करा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

गावात ख्रिस्ती कबरस्तानाला जागा नाही, वडिलांना अग्नी द्यावा लागला. आता त्यांचं पुनरुत्थान कसं होणार?
— एक वाचक, ता. सिंदखेडराजा

जमिनीतलं शरीरही काही वर्षांत मातीच होतं, म्हणून देवाला अग्नीने जास्त अडचण येण्याचं कारण नाही. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पेरलेल्या दाण्याचं उदाहरण दिलं आहे : उगवतं ते पेरलेलं शरीर जसंच्या तसं नसतं. कॅथलिकांना दहनाची परवानगी १९६३ पासून आहे. पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून केलं तरच हरकत.

अस्थींबाबत मात्र कॅथलिकांना नियम आहेत. २०१६ च्या सूचनेप्रमाणे त्या नदीत सोडायच्या नाहीत, शेतात उधळायच्या नाहीत, भावंडांत वाटायच्या नाहीत. पवित्र जागी, शक्यतो कबरस्तानात, पुरायच्या. जवळच्या तालुक्याच्या गावी कबरस्तान असेल तर एका लहान पेटीपुरती जागा मागणं पूर्ण कबरीपेक्षा सोपं जातं. सोडून झाल्या असतील तर वडिलांचं काही बिघडलं नाही, काळजी करू नका. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा एकसारखा नियम नाही.

नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा सांगायची तर पैसे किती, नावं किती, आणि त्याने खरंच काही होतं का?
— एक वाचक, राजुरा

२ नोव्हेंबर हा सर्व मृत विश्वासीयांचा दिवस. जे शुद्धिस्थानात आहेत त्यांना जिवंतांच्या प्रार्थनेने मदत होते, असं कॅथलिक मानतात. आधार मक्काबी दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायाचा. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही, त्यामुळे वाद शुद्धिस्थानाच्या आधीच सुरू होतो. नरकातल्याला किंवा स्वर्गातल्याला मिस्सेने काही फरक पडत नाही. पण कोण कुठे आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणून सर्वांसाठी प्रार्थना.

देणगीची रक्कम त्या भागातले बिशप मिळून ठरवतात. पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या स्थानिक चर्चमध्ये, विचारा, ती सर्वांना सारखीच असते. स्वतंत्र मिस्सेची देणगी घेतली तर त्या हेतूसाठी स्वतंत्र मिस्सा व्हायला हवी. नावांची यादी एकत्र वाचायची असेल तर ते आधी सांगून, तुमच्या संमतीने. धर्मगुरूला दिवसाला एकाच मिस्सेची देणगी स्वतःकडे ठेवता येते. पैसे नसतील तर तसंच सांगा. गरिबांसाठी बिनदेणगीचीही मिस्सा करावी असं संहिताच म्हणते, आणि या सगळ्याला व्यापाराचा वास येता कामा नये असंही. ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मृतासाठी सलग तीस दिवस. लहान गावच्या पॅरिशला ते जमत नाही, तिथे हट्ट धरू नये. बल्लारपूरच्या चांदा धर्मप्रांताला, तो केरळच्या सिरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिक चर्चचा असल्यामुळे, पौर्वात्य चर्चांची १९९० ची संहिता लागू आहे. तिथे पद्धत थोडी वेगळी असू शकते.

बिनपैशाची वाट वेगळी. १ ते ८ नोव्हेंबर या काळात कबरस्तानात जाऊन मृतासाठी प्रार्थना केली तर त्याच्या शुद्धिस्थानातल्या उरलेल्या शिक्षेत पूर्ण सूट मिळवून देता येते, दिवसाला एक. सोबत पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणं, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणं हवं. शेवटच्या अटीवरच बहुतेकांचं अडतं. याच सुटीचा बाजार मांडला गेला म्हणून १५१७ मध्ये ल्यूथर उठला होता.

माझी आजी आयुष्यभर विठ्ठलाची वारी करत राहिली. आमच्या नव्या मंडळीत सांगतात ती नरकात आहे.
— एक तरुण, ता. कुरखेडा

कॅथलिकांचं उत्तर १९६४ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक दस्तऐवजात आहे, परिच्छेद १६ : स्वतःच्या दोषाविना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाला जे कळतं तसं वागायचा प्रयत्न करतो, त्याला तारण मिळू शकतं. ‘मिळू शकतं’ हा शब्द तोलून वापरला आहे. ते ख्रिस्तामुळेच मिळतं, आजीला त्याचं नाव ठाऊक असो वा नसो. पौलही म्हणतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं (रोमकरांस २).

तुमच्या मंडळीचा आधार प्रेषितांची कृत्ये ४:१२ : तारण दुसऱ्या कुणाच्या नावाने नाही. वैयक्तिक विश्वासावर भर देणारे अनेक इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) शिक्षक याचा अर्थ असा लावतात की जाणतेपणी विश्वास ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरे काही जण निकाल देवावर सोडतात. साऱ्या जगाचा न्यायाधीश न्यायानेच वागणार ना, असं अब्राहामाने विचारलं आहेच (उत्पत्ती १८:२५). पण ‘तारणाचा मार्ग एकच’ ही शिकवण झाली, आणि ‘तुझी आजी नरकात आहे’ हा निकाल झाला. पहिलं मानणाऱ्यालासुद्धा दुसरं म्हणता येत नाही. लूक १२:४७–४८ मध्ये तर सरळच आहे : मालकाची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्याला फटके जास्त, ठाऊक नसलेल्याला कमी. त्या हिशोबाने चिंता आजीपेक्षा प्रवचन करणाऱ्याने करावी.

चाळीस वर्षं सावकारी करून लोकांची वावरं गिळली, आणि मरताना माफी मागितली की स्वर्ग. हा कुठला न्याय?
— एक वाचक, ता. आर्वी

येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला शेवटच्या तासात क्षमा मिळाली हे खरं, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) संध्याकाळी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते हेही खरं. तिथे सकाळपासून राबलेले मजूर चिडतात. तुमचा राग तोच आहे. पण चोराकडे परत करायला काही उरलं नव्हतं. सावकाराकडे सातबारा आहे.

लेवीय ६ प्रमाणे फसवून घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो, म्हणजे ५०,००० घेतले असतील तर ६०,०००. जक्कय जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देऊ केली, आणि त्यानंतरच येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं (लूक १९). कॅथलिक नीतिशास्त्रात परतफेड ऐच्छिक नाही. देण्याची ताकद असताना द्यायचा इरादाच नसेल तर तो पश्चात्ताप खरा धरत नाहीत आणि पापनिवेदनात धर्मगुरू मुक्ती देत नाही. इरादा आहे पण मरण आधी आलं, तर क्षमा होते आणि ऋण वारसांच्या अंगावर राहतं.

इथे चुकतं ते असं : म्हातारा खाटेवरून ‘त्याचं वावर त्याला द्या’ म्हणतो, मुलं मान हलवतात, आणि तेरा दिवसांनी विषय संपतो. तोंडी दिलेली जमीन परत जात नाही. माणूस शुद्धीवर असतानाच दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. तो उठू शकत नसेल तर नोंदणी अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोय कायद्यात आहे. मग तलाठ्याकडे फेरफार. मूळ मालक मेला असेल तर त्याच्या वारसांच्या नावे. वारसच सापडत नसतील तर गरिबांसाठी, चर्चच्या रंगकामासाठी नव्हे. आणि सावकार किंवा त्याची मुलं काहीच करत नसतील तर पश्चात्तापाची वाट पाहत बसू नका. अवैध सावकारीतून गेलेल्या जमिनीसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा.